कारखान्यातल्या एचआरला बढती हवी असेल तर: नेतृत्व कमवायची आणि दाखवायची वाट

कारखान्याच्या एचआरमध्ये, म्हणजे मनुष्यबळ विभागात, चौथ्या वर्षी माझी बढती हुकली. अप्रेझलच्या, म्हणजे वार्षिक कामगिरीच्या आढाव्याच्या, खोलीत साहेबांनी एकच वाक्य सांगितलं, "काम चोख आहे, पण लीडरशिप दिसत नाही." चार वर्षांत एकदाही पगार उशिरा झाला नव्हता, पीएफचा भरणा चुकला नव्हता, हजेरीच्या मस्टरमध्ये खाडाखोड नव्हती. लीडरशिप दिसायला नक्की काय करायचं, हे त्या खोलीत कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढची दोन वर्षं चाचपडत जे शिकले ते इथे क्रमानं मांडते आहे. तुमची दोन वर्षं वाचावीत, एवढीच इच्छा.

चाकण, रांजणगाव, सातपूर, वाळूज, बुटीबोरी अशा एमआयडीसीतल्या कारखान्यांत टाइम ऑफिसमध्ये (हजेरीची नोंद ठेवणाऱ्या विभागात) किंवा एचआर एक्झिक्युटिव्ह म्हणून लागलेल्या, दोन ते सहा वर्षं अनुभव असलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. आयटीतल्या एचआरचं काम वेगळं असतं. माझी सगळी उदाहरणं शॉप फ्लोअरवरची आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एचआरचं काम नीट चाललं की ते दिसेनासं होतं. पगार वेळेवर झाला म्हणून कोणी फोन करत नाही, पन्नास रुपये कमी आले की दारात रांग लागते. त्यामुळे नुसतं चोख राहून तुमचं नेतृत्व कोणाच्या नजरेत येणार नाही. कारखान्यात प्रत्येकाला माहीत असलेला, पण कोणाचाच नसलेला असा एखादा प्रश्न असतोच. तो आपला मानायचा, शेवटापर्यंत न्यायचा आणि त्याचा कागद ठेवायचा.

१. आधी आपलं घर नीट करा

ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि बरेच जण ती ओलांडून थेट 'एंगेजमेंट'च्या कार्यक्रमांकडे धावतात. तसं करू नका. ज्याच्या पगारपत्रकात चूक निघते, त्याचं कामगार ऐकत नाहीत आणि प्लांट हेडही ऐकत नाही.

पगार ७ तारखेच्या आत, पीएफ आणि ईएसआयचा (कामगार राज्य विमा योजनेचा) भरणा १५ तारखेच्या आत, हे तर झालंच. त्याशिवाय काही हिशेब संगणक न उघडता कागदावर करून दाखवता आले पाहिजेत. ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम) म्हणजे शेवटचं मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. ईएसआयमध्ये कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. व्यवसाय कर ज्यांना पूर्ण लागतो त्यांना महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. कामगार खिडकीत येऊन "मॅडम, माझे किती होतील?" असं विचारतो तेव्हा त्याच्यासमोर पेन घेऊन आकडा काढून दाखवा. तो माणूस ते विसरत नाही आणि लाइनवर जाऊन दहा जणांना सांगतो.

नव्या माणसासाठी सध्या एक मोठी संधी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि जुने २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले. वेतनाची व्याख्या बदलली. वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर निम्म्याच्या वरचा भाग वेतनात धरावा लागतो. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते. नोकरी सोडणाऱ्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं असतं. पंधरा-वीस वर्षं जुने कायदे पाठ केलेले ज्येष्ठही इथे तुमच्याइतकेच नवे आहेत. संहितांचा मूळ मजकूर स्वतः वाचा आणि "आपल्या कारखान्यात काय बदलेल" यावर दोन पानी टिपण करा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या सारांशावर विसंबू नका, त्यांत चुका असतात. ज्याच्याकडे असं टिपण असतं, त्याला प्रत्येक बैठकीत बोलावलं जातं.

२. आठवड्यातून दोनदा तरी टेबल सोडा

शॉप फ्लोअरवर जायचं ते काम घेऊन जाऊ नका. नोटीस लावायला, सही घ्यायला, कोणाला बोलवायला एचआर येतं हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तुम्हाला पाहिलं की बोलणं थांबतं. पहिले काही आठवडे नुसतं उभं राहून बघा. पार्ट कुठून येतो, कुठे अडतो, रिजेक्शन कुठल्या स्टेशनला जास्त निघतं, टार्गेट किती आणि तासाला किती निघतंय, हे सुपरवायझरला विचारा. त्याला बोलायला आवडतं, कारण त्याच्या कामाबद्दल एचआरनं विचारलेलं त्यानं बहुधा कधी ऐकलेलं नसतं.

महिन्यातून एकदा थर्ड शिफ्टलाही जा. मुलींना रात्री जायला कंपनी गाडी देत नसेल तर पहाटे शिफ्ट सुटायच्या वेळी जा. सकाळी साडेनऊला येणाऱ्या एचआरला जो कारखाना दिसतो तो अर्धाच असतो.

३. कोणाचाच नसलेला एक प्रश्न उचला

माझा प्रश्न सेकंड शिफ्टमधल्या खाड्यांचा होता. फर्स्ट शिफ्टला तीन-चार खाडे असायचे, सेकंडला रोज दहा-बारा. प्रॉडक्शनचं म्हणणं एचआर भरती नीट करत नाही. एचआरचं म्हणणं पोरं आळशी आहेत. कंत्राटदाराचं म्हणणं पगार वाढवा. सगळ्यांचं बोलून झालं की बैठक संपायची आणि खाडे तसेच राहायचे.

मी आधी तीन महिन्यांची हजेरी काढून लाइननुसार वेगळी केली. निम्म्याहून जास्त खाडे एकाच असेंब्ली लाइनचे होते. पगार सगळ्यांना सारखा, कंत्राटदारही तोच. मग याच लाइनची पोरं तेवढी आळशी कशी?

त्या लाइनच्या दोन-तीन पोरांना विचारलं तर "घरी काम होतं", "बरं नव्हतं" अशी उत्तरं मिळाली. शेवटी सेक्युरिटीच्या दादांना सांगून सलग तीन रात्री शिफ्ट सुटताना गेटवर उभी राहिले. बारा वाजता शिफ्ट सुटायची आणि बारा दहाला गाडी निघायची. पंचिंगची यंत्रं दोनच, पुढे बॅग तपासणी. ही लाइन सगळ्यात आतल्या शेडमध्ये, शिवाय तिचा हँडओव्हर बारानंतर संपायचा. बारा सातला पोरं पळत यायची, रांगेत अडकायची आणि त्यांच्या डोळ्यांसमोर गाडीचे मागचे लाल दिवे फाटकाबाहेर वळायचे. तिसऱ्या रात्री पाच जण मागे राहिले. एकानं डबा पिशवीत नीट ठेवला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि सगळे हायवेच्या दिशेनं चालू लागले. मी त्यांना विचारलं, "हे मला का नाही सांगितलं?" त्यांच्यातला सगळ्यात लहान म्हणाला, "मॅडम, गाडी चुकली तर आपलीच चूक ना."

दुसऱ्या दिवशी त्या पाचांतले तीन जण कामावर आले नाहीत. रात्री दोनला घरी पोचलेला माणूस दुपारी पुन्हा गाडी पकडायला निघायचं टाळतो, यात आळस कुठे आला?

उपाय साधा होता. गाडी पंधरा मिनिटं उशिरा सोडायची, आतल्या शेडजवळ एक जादा पंचिंग यंत्र लावायचं आणि त्या लाइनचा हँडओव्हर दहा मिनिटं आधी सुरू करायचा. तो अमलात आणताना मात्र मी मोठी चूक केली, आणि ती तुम्ही करू नये म्हणून सांगते. मी थेट प्लांट हेडकडे गेले. प्रॉडक्शन मॅनेजरना ही गोष्ट बैठकीत सगळ्यांसमोर कळली. आपल्या लाइनचा हँडओव्हर लांबतो हे एचआरच्या तोंडून ऐकल्यावर त्यांनी प्रस्तावातल्या प्रत्येक ओळीला विरोध केला. गाडी पंधरा मिनिटं उशिरा सुटायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात किती रात्री ती पोरं चालत गेली असतील, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर मी एक नियम पाळत आले आहे. ज्याच्या हद्दीतला प्रश्न, त्याला सगळ्यात आधी सांगायचं, तेही एकट्याला गाठून. शक्य असेल तर बैठकीत मांडायचंही त्यालाच द्यायचं. श्रेय वाटल्यानं तुमचं कमी होईल ही भीती काढून टाका. कोणी काय केलं हे प्लांट हेडला बरोबर कळतं.

प्रश्न निवडताना तो लहान, मोजता येणारा आणि तीन-चार महिन्यांत सुटू शकेल असा निवडा. "संस्कृती बदलायची आहे" म्हणून सुरुवात केलीत तर वर्षअखेरीस हातात फोटोंशिवाय काही राहत नाही. कॅन्टीनमधली रांग, नव्या अप्रेंटिसनी पहिल्याच महिन्यात सोडून जाणं, फायनल हिशेबाला लागणारा वेळ, सी-ऑफच्या (सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाबदली मिळणाऱ्या रजेच्या) नोंदींवरून होणारी भांडणं यांतलं काहीही चालेल.

४. एका पानात मांडा आणि आकडा स्वतः तपासा

वरिष्ठांसमोर जाताना एक पान पुरतं. प्रश्न काय, किती मोठा, कारण काय सापडलं, ते कसं तपासलं, उपाय काय, खर्च किती, निर्णय कोणाकडून हवा. सगळ्यात वर रुपये लिहा. "मनोबल खचतं" हे खरं असलं तरी त्यावर मंजुरी मिळत नाही.

खाड्यांचा हिशेब कसा करायचा ते दाखवते. आकडे सोपे घेतले आहेत. ऑपरेटरची रोजी ६०० रुपये, म्हणजे ८ तासांच्या हिशेबानं तासाला ७५. ओव्हरटाइम दुप्पट दरानं, म्हणजे तासाला १५०. रोज १० खाडे ओव्हरटाइमनं भरून काढले तर १० गुणिले ८ गुणिले १५०, म्हणजे दिवसाला १२,००० रुपये. महिन्याच्या २६ दिवसांत ३,१२,०००.

हाच आकडा घेऊन बरेच जण बैठकीत जातात आणि अकाउंट्सवाले पहिल्या मिनिटाला अडवतात. खाडा बिनपगारी असेल तर गैरहजर माणसाची रोजी वाचलेली असते. ती वजा करा. १० गुणिले ६०० गुणिले २६, म्हणजे १,५६,०००. उरलेले १,५६,००० हा खरा जादा खर्च. पहिल्यापेक्षा निम्मा, पण त्याला कोणी हात लावू शकत नाही. मोठा आकडा दाखवायच्या मोहात पडू नका. एकदा तुमचा आकडा खोटा ठरला की पुढची दोन वर्षं तुमचा प्रत्येक आकडा कोणीतरी पुन्हा तपासतं.

५. "नाही" म्हणायची वेळ येईल, तयारी ठेवा

कधीतरी संध्याकाळी एखाद्या मॅनेजरचा फोन येईल, "त्याला उद्यापासून गेटवरच थांबवा." कामगारानं शिवी दिलेली असते, मॅनेजर संतापलेले असतात आणि त्या क्षणी तुम्ही नुसतं 'हो' म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असते.

तुमचं नेतृत्व इथे खरं पणाला लागतं. आवाज न चढवता सांगा, "साहेब, कारवाई होईल, पण रीतसर होईल. आत्ता लेखी तक्रार द्या, दोन साक्षीदारांची नावं द्या, उद्या सकाळी मी चार्जशीटचा मसुदा घेऊन येते." कामगाराला आरोप लेखी कळला पाहिजे, उत्तराला वेळ मिळाला पाहिजे, चौकशीत साक्षीदारांना प्रश्न विचारता आले पाहिजेत. चौकशी होईपर्यंत निलंबन केलं तर पहिल्या ९० दिवसांत निम्म्या वेतनाएवढा निर्वाह भत्ता द्यावा लागतो. हे न करता गेट बंद केलं तर प्रकरण कामगार न्यायालयात जातं, कंपनी हरते आणि तेव्हा फोन करणारे मॅनेजर बहुधा दुसऱ्या कंपनीत गेलेले असतात. म्हणजे 'नाही' म्हणताना रस्ताही तुम्हीच द्यायचा. नुसती नियमावली पुढे करणारा एचआर लोकांना अडथळाच वाटतो.

लैंगिक छळाच्या तक्रारीबाबत इथे दुसरा विचारच करू नका. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, किमान निम्म्या सदस्य महिला, एक सदस्य बाहेरची, आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण. तक्रार समितीकडे जाते, एचआरच्या टेबलावर मिटवायची नसते. "दोघांना बसवून समजावलं" असं कोणी अभिमानानं सांगत असेल तर त्याचं अनुकरण करू नका. त्या बाईनं किती धीर गोळा करून तोंड उघडलेलं असतं, याचा आधी विचार करा.

६. हाताखाली माणसं नसताना

"माझी टीमच नाही, मग नेतृत्व कुणाचं करू?" असं मला नवी मुलं नेहमी विचारतात. एचआरमध्ये पहिली सहा-सात वर्षं टीम नसतेच. समित्या मात्र भरपूर असतात आणि त्यांत कामाला माणूस मिळत नाही. कॅन्टीन समिती, सुरक्षा समिती, २० किंवा अधिक कामगार असतील तिथे लागणारी तक्रार निवारण समिती. त्यांतल्या एकीचं सचिवपद मागून घ्या. बैठक ठरल्या दिवशी घ्या, मागच्या बैठकीतल्या प्रत्येक मुद्द्याचं काय झालं हे पहिल्या पाच मिनिटांत वाचा, इतिवृत्त त्याच दिवशी नोटीस बोर्डावर मराठीत लावा. सहा महिन्यांत त्या समितीला वजन येतं आणि त्याबरोबर तुम्हालाही. युनियनचे कमिटी मेंबर तुम्हाला थेट फोन करू लागले की समजा, काम मुरतंय.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. त्याची जबाबदारी मिळाली तर घोषवाक्यं आणि बक्षिसांत सगळा वेळ घालवू नका. प्रत्येक लाइनच्या सुपरवायझरला त्याच्याच लाइनवरच्या एका टळलेल्या अपघाताबद्दल पाच मिनिटं बोलायला उभं करा. तुम्ही स्टेजवर नसलात तरी चालेल.

आणखी एक. तुमचं काम दुसऱ्या कोणाला तरी शिकवा. आपण रजेवर गेलो की पगार अडतो, याचा काहींना अभिमान वाटतो. पण ज्याच्याशिवाय पगार होत नाही त्याला पगाराच्या टेबलावरून कोणी उठवत नाही, बढतीसाठीसुद्धा. टाइम ऑफिसमधल्या मुलाला पुढच्या महिन्याचा भरणा स्वतः करू द्या, तुम्ही शेजारी बसा.

७. नोंद ठेवा, नाहीतर मार्चमध्ये काही आठवत नाही

एक साधी वही पुरते. दर शुक्रवारी दहा मिनिटं, चार ओळी: काय अडलं होतं, मी काय केलं, कोण सोबत होतं, आकडा किती बदलला. मी हे सुरू केलं त्या वर्षी अप्रेझलचा फॉर्म भरायला मला एक तास लागला.

फॉर्ममधली भाषाही बदलते. "हजेरीचे काम पाहिले" असं लिहिलंत तर वाचणारा पुढे जातो. "सेकंड शिफ्टच्या खाड्यांचं कारण शोधलं, प्रॉडक्शन आणि ट्रान्सपोर्टसोबत तीन बदल केले, तीन महिन्यांत रोजचे खाडे निम्म्यावर आले" असं लिहिलंत तर तो थांबतो आणि विचारतो.

फाइलमध्ये एवढं हवं:

- केलेल्या दोन-तीन कामांची एक-एक पानी टिपणं, आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांसह
- समितीची इतिवृत्तं, तुमच्या सहीची
- तुम्ही घेतलेल्या प्रशिक्षणांची हजेरीपत्रकं
- संहितांवरचं टिपण
- प्रॉडक्शन किंवा क्वालिटीच्या माणसानं तुमच्या कामाबद्दल पाठवलेला एखादा मेल
- पदवी आणि पदविकांच्या प्रती. एमएसडब्ल्यू (समाजकार्य), एमपीएम (कर्मचारी व्यवस्थापन) किंवा कामगार कायदे आणि कामगार कल्याण पदविका यांतलं काही नसेल तर पदविका नोकरी सांभाळून करता येते. मुंबईत परळच्या नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेचे अभ्यासक्रमही पाहा

यात एक सापळा आहे. एचआरची सगळ्यात अवघड आणि मोठी कामं गोपनीय असतात. मुलाखतीत प्रभाव पाडायला अनेक जण चौकशीतल्या गोष्टी, कोणाला कसं काढलं, युनियनशी आत काय बोलणं झालं हे सांगून बसतात. समोरचा ऐकतो आणि मनात टिपून ठेवतो की हा आपल्याबद्दलही बाहेर असंच बोलेल. नाव, विभाग, तारीख काहीही न सांगता फक्त तुम्ही कोणती पद्धत पाळली एवढंच सांगा. लिंक्डइनवर तर याचा उल्लेखही नको. आणि कंपनीचा डेटा, कामगारांचे आधार किंवा पगाराचे तक्ते वैयक्तिक मेलवर कधीही पाठवू नका. फाइलमध्ये फक्त स्वतःची टिपणं ठेवायची, तीही साहेबांना सांगून.

८. तोंड उघडून विचारा, आणि वेळेत विचारा

मार्चमध्ये फॉर्म येतो तोवर यादी बहुतेक ठरलेली असते. म्हणून ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या आसपास, साहेबांकडे अर्धा तास मागा. वही सोबत न्या आणि विचारा, "पुढच्या पदासाठी मी तयार आहे असं तुम्हाला वाटायला सहा महिन्यांत माझ्याकडून काय दिसायला हवं?" "चांगलं काम करत राहा" असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका. "एक उदाहरण सांगाल का?" असं नम्रपणे विचारा. जे ठरेल ते त्याच संध्याकाळी दोन ओळींच्या मेलनं कळवा. माझ्या साहेबांनी मला दुसऱ्या वेळी असं एक उदाहरण दिलं, वेतन कराराच्या बैठकीत मागे बसून आकडेमोड करायचं. त्या खुर्चीवर मी सात महिने बसले.

दोन वर्षं असं मागूनही दरवेळी कारण बदलत असेल, तर दुसरीकडे अर्ज करायला हरकत नाही. फक्त हातातलं काम अर्धवट टाकून जाऊ नका, कारण एमआयडीसीतले एचआर एकमेकांना ओळखतात आणि तुमचा नवा मॅनेजर जुन्याला फोन करणारच.